अकराचं ऊन

पाटण तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथल्या एका घरातला टीव्ही तीन वर्षं फडक्याखाली झाकून ठेवलेला होता. टीव्हीत बिघाड काहीच नव्हता. कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा जो अँटेना होता, त्याला जमिनीवरच्या मनोऱ्याकडून चित्र यायचं, आणि दूरदर्शनचं ते जुनं प्रक्षेपण २०२१-२२ च्या सुमारास देशात जवळजवळ सगळीकडे बंद झालं. वाडीतल्या बाकीच्यांनी एकेक करून डिशच्या छत्र्या आणल्या. या घरात दोन म्हातारी माणसं आणि शाळेसाठी आजोळी राहिलेली नात. कर्ता मुलगा बाळू ठाण्याला. "शिमग्याला येतो तवा बघू," असं तो दर वर्षी म्हणायचा, आणि शिमगा होळीच्या नारळातच संपायचा. एका वर्षी मात्र तो खरोखर ठरवून, पैसे गाठीला बांधून आला.

येताना त्यानं एक यादी आणली होती. ९० सेंटिमीटरची छत्री, तिच्यावर सिग्नल पकडणारे दोन एलएनबी, दोन उपग्रहांत अदलाबदल करणारा स्विच, कार्यक्रम साठवून ठेवणारा बॉक्स, शिवाय सगळी भारी चॅनल असलेलं वर्षाचं पॅकेज. रात्रपाळीच्या मोकळ्या वेळात बसून, मोबाइलवर बघूनबघून त्यानं ती केली होती. तिच्यात दिखाऊपणा नव्हता. आईबापांना इतकी वर्षं काही देता आलं नाही, आता देतोय तर काही कमी पडू नये, एवढीच त्याच्या मनातली गोष्ट होती. मायेनं केलेल्या यादीवर प्रश्न विचारणं फार अवघड असतं. घरातल्या कुणी तो विचारला नाही.

विचारला तो शेजारच्या मास्तरांनी. शाळेतले मास्तर नव्हेत ते. पाटणच्या पेठेत त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं म्हणून त्यांना सगळे रेडिओमास्तर म्हणत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागल्यावर दुकान बंद करून ते वाडीत येऊन राहिले होते. ओट्यावर बसून त्यांनी यादी डोळ्यांजवळ धरून सगळी वाचली.

"यादी चांगली हाय," ते म्हणाले. "पर ही कोणाच्या घरची?"

"आमच्याच की, मास्तर."

"ठाण्यातल्या का हितल्या?"

बाळू हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, उलटं केलं आणि बाळूच्या वडिलांना म्हणाले, "आण्णा, तुमाला काय बघायचंय?"

आण्णांना सातच्या बातम्या हव्या होत्या आणि सह्याद्री वाहिनीवरचा 'आमची माती आमची माणसं'. शेत आता वाट्यानं दिलेलं, तरी कुणी कुठं काय पेरलं हे त्यांना कळायला हवं असे. क्रिकेट? भारताचा सामना असला तर. आईला रात्रीचा एखादा मराठी पिक्चर पुरे होता. नात आठवीत, तिच्या बाईंनी सांगितलं होतं की शाळेच्या अभ्यासाची पीएम ई-विद्याची चॅनल छत्रीवर दिसतात, ती तिला हवी होती. कॅलेंडरची ती पाठ अर्धीही भरली नाही.

मग मास्तरांनी दुसरा प्रश्न विचारला. "बंद पडंल त्या दिवशी घरात कोण आसंल?"

बाळूला आधी कळलंच नाही. नवीन वस्तू बंद पडायची कशाला?

"पडणार," मास्तर म्हणाले. "पाऊस हाय, वारं हाय, गुरं हायत, उंदीर हायत. आज न्हाई, पर पडणार. त्या दिवशी घरात कोण?"

"आई," बाळू म्हणाला.

"मग यादी तिला विचारून कर."

माझ्या मते या कथेतला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे. दुकानात तो कुणी विचारत नाही, कारण दुकानात वस्तू चालूच असते. जाहिरातीत विचारत नाहीत. आणि देणाऱ्याच्या मनात तो येत नाही, कारण देताना त्याच्या डोळ्यांसमोर पहिला दिवस असतो. घरच्यांना मात्र त्याच्या पुढचे सगळे दिवस काढायचे असतात.

बाळूनं पॅकेजसाठी थोडी भांडाभांडी केली. पैसे भरून घ्यायच्या डीटीएचमध्ये चॅनल कितीतरी जास्त, चित्र झकास, काही झालं तर कंपनीचा माणूस येतो. मास्तरांनी यातलं काहीच खोडलं नाही. ज्या घराला रोज खेळांची चॅनल लागतात, ठरावीक मालिका लागतात, त्यानं खुशाल पैसे भरून घ्यावं, असं ते स्वतःच म्हणाले. पण दर महिन्याला रिचार्ज कोण करणार? बाळू म्हणाला, मी ठाण्यातून मोबाइलवर करीन.

तोवर गप्प असलेली आई बोलली. "आन तुज्या ध्यानातनं गेलं तर? टीव्हीपायी म्या पोराला फोन करून मागायचं व्हय?"

त्यानं तो विषय सोडला.

राहिली डीडी फ्री डिश. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. छत्री, एलएनबी, वायर आणि बॉक्स यांचा एकदाच काय तो खर्च, साधारण दीड-दोन हजारांचा. पुढं महिन्याचं काही नाही. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, सिनेमाची चॅनल आहेत, अभ्यासाची आहेत. काही मोठे सामने २००७ च्या कायद्यानुसार खासगी वाहिन्यांना दूरदर्शनलाही द्यावे लागतात, त्यामुळे आण्णांचं क्रिकेटही बऱ्यापैकी भागणार होतं. खासगी चॅनलच्या जागांचा लिलाव होतो, म्हणून त्यातली काही येतात, काही जातात. तेव्हा बॉक्सवर नव्यानं स्कॅन मारावं लागतं, एवढं आईनं शिकायचं.

कराडच्या दुकानात जायच्या आधी मास्तरांनी बाळूला झाकलेल्या टीव्हीची पाठ बघून यायला लावलं. टीव्ही जुना, जाडजूड पाठीचा. मागं लाल-पिवळी-पांढरी भोकं, एचडीएमआयचा पत्ता नाही. म्हणजे बॉक्सला तीनरंगी पिनांची जागा हवीच, आणि उद्या पातळ टीव्ही आला तर एचडीएमआयही हवं. बॉक्स एमपेग-४ चाच घ्यायचा. जुना एमपेग-२ चा बॉक्स शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळतो म्हणून लोक उचलतात, आणि मग शेजाऱ्याकडं दिसतं ते चॅनल आपल्याकडं का नाही म्हणून रिमोट बडवत बसतात. एमपेग-४ चा बॉक्स दोन्ही प्रकार वाचतो. एलएनबी एका तोंडाचा साधा, कारण टीव्ही एकच. छत्री ६० सेंटिमीटरची. मोठी छत्री सिग्नल जास्त गोळा करते हे खरं, पण वाराही जास्त धरते, आणि तिचा रोख जरासा हलला तरी चित्र जातं. नवख्याला लहानच सोपी. पैसे वाचतील ते वायरीत घालायचे. आत तांब्याची तार असलेली चांगली आरजी-६ वायर, मध्ये एकही सांधा नको. मास्तर म्हणाले, दुरुस्तीला येणाऱ्या दहांतले आठ बिघाड सांध्यात असतात. हे त्यांचं आयुष्यभराचं रेडिओचं ज्ञान होतं, आणि छत्रीलाही ते लागू पडतं.

सगळं सामान एका पोत्यात मावलं. बाळूला ते फार थोडं वाटलं. एसटीत तो पोतं मांडीवर घेऊन बसला होता.

इथं मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. उपग्रहावरून खेड्यात टीव्ही दाखवायचा आपल्याकडचा पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ला सुरू झाला आणि वर्षभर चालला. 'साइट' म्हणत त्याला. नासाचा एटीएस-६ उपग्रह, इस्रोची माणसं आणि सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्या उपग्रहाचा अँटेना ९ मीटरचा होता, तो आकाशात गेल्यावर उलगडला. वरचं यंत्र एवढं बलवान केलं म्हणून खाली खेड्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, ३ मीटरची छत्री पुरली. अवघड काम आपल्याकडं घ्यायचं आणि वापरणाऱ्याच्या हातात सोपं तेवढं द्यायचं, हा त्या माणसांचा विचार मला आजही आदरानं आठवावासा वाटतो. मास्तरांनी त्या प्रयोगाबद्दल वाचलेलं होतं. कमी सामानाबद्दल बाळूचा चेहरा पडलेला बघून त्यांनी त्याला हेच सांगितलं.

आता छत्री लावायची कुठं हा प्रश्न आला. बाळूनं शिडी आणून कौलांना टेकवलीसुद्धा. जुना अँटेना आढ्यावर होता, जितका उंच तितका बरा, असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं. त्यात पूर्वेला डोंगर आडवा. डोंगरामुळं सिग्नल अडणार, ही त्याची मोठी धास्ती.

"खाली उतर," मास्तर म्हणाले. "उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर हाय. तू धा फूट वर चढून त्येच्या किती जवळ जाणार?"

फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून सोडला. तो पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, म्हणजे निकोबार बेटांच्या सरळ दक्षिणेला, विषुववृत्तावरच्या समुद्राच्या माथ्यावर आहे. पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी थांबलेला. पाटणच्या बाजूनं बघितलं तर तो आग्नेयेला दिसायला हवा, आणि क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर. डोंगर एवढा वर पोचत नाही. अडवतं ते जवळचं झाड, शेजाऱ्याची पाण्याची टाकी, पुढं आलेला पत्रा.

"पर त्यो दिसत न्हाई, मग झाड आडवं येतंय का न्हाई हे कळायचं कसं?" आईनं विचारलं. तिनं पदरानं हात पुसत विचारलेला हा प्रश्न ऐकून मास्तरांना आनंद झाला असावा, कारण ते उठूनच उभे राहिले.

"आक्का, तुमच्या कुरडया कुठं वाळत घालता?"

"त्या गोठ्याच्या चौथऱ्यावर."

"तिथंच का?"

"तिथं दुपारपातुर ऊन असतंय. घराम्होरं फणसाची सावली येती. कौलावर घालाव्या तर तिथंबी फणस. सकाळी अकरा-साडेअकरापातुर आर्ध्या आढ्यावर सावलीच असती."

मास्तरांनी बाळूकडं बघितलं. शिमग्याच्या या दिवसांत, म्हणजे मार्चच्या मध्याच्या आसपास, सकाळी अकराच्या पुढं-मागं पाटणच्या आकाशात सूर्य नेमका त्या उपग्रहाच्या जागी येतो. पुन्हा तोच योग येतो सप्टेंबर संपताना आणि ऑक्टोबर लागताना, नवरात्राच्या सुमारास. तेव्हा या दिवसांत अकराच्या सुमाराला ज्या जागेवर स्वच्छ ऊन पडतं, तिथून उपग्रह दिसतोच. जिथं फांदीची सावली, तिथं फांदी आडवी. यंत्र नको, होकायंत्र नको. आई ही गोष्ट लग्न होऊन आल्यापासून बघत होती. तिच्या कुरडयांनी ती जागा कधीच निवडून ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी अकराला तिघं अंगणात उभे राहिले. आढ्यावर फणसाच्या फांदीची काळी पट्टी होती. चौथऱ्याच्या कडेला लख्ख ऊन. शिवाय तिथं आईचा हात पोचत होता.

लोखंडी पाइप चौथऱ्यात सिमेंटनं बसवला. तो सरळ उभा आहे ना हे डोळ्यांनी बघून मास्तर समाधानी होईनात. मोतीबिंदूचे डोळे, पण त्यांनी निरोगी डोळ्यांवरही विश्वास ठेवला नसता. गवंड्याकडून ओळंबा मागवला. पाइप तिरका राहिला तर छत्री फिरवताना तिची उंचीही आपोआप बदलत जाते, आणि नवखा माणूस दिवसभर चाचपडत राहतो. सिमेंट सुकायला एक दिवस दिला. बाळूला रजेतला तो दिवस जड गेला.

होळीच्या दिवशी सकाळी छत्री चढली. तिचा चेहरा बघितला तर ती समोरच्या डोंगराकडं बघतेय असं वाटतं. तिची खरी नजर त्याहून खूप वर असते. एलएनबीचा दांडा खालच्या अंगाला काढलेला असतो, तो त्यासाठीच. टीव्हीपाशी नात रिमोट घेऊन, छत्रीपाशी बाळू पाना घेऊन, आणि मध्ये दारात आई निरोप पोचवायला.

"किती?" "साठ!" "आता?" "ऐंशी! मामा, ऐंशी झालं!"

बाळूनं नट आवळले. स्कॅन मारलं. एकही चॅनल नाही. पुन्हा मारलं. नाही. त्याचा घाम निथळू लागला आणि नजर पोत्याकडं गेली, बॉक्सच खराब दिला की काय म्हणून.

मास्तर आत गेले, पडद्याला नाक लावलं. पडद्यावर दोन पट्ट्या असतात. वरची स्ट्रेंग्थ, खालची क्वालिटी. नात वरची वाचत होती. एलएनबीला वीज मिळाली की वरची पट्टी कशीही चढते, छत्री भलतीकडं बघत असली तरी. बाजारात गलका कितीही मोठा ऐकू आला तरी आपल्याला हाक मारणारा आवाज त्यात असेलच असं नाही, तसं ते आहे. खालची पट्टी शून्य होती.

"वरची मोठी दिसती म्हणून तिला भुलू नगंस," मास्तर नातीला म्हणाले. "खालची बघ. ती एकनं हालली तरी मला हाक मार."

आता बाळूनं छत्री केसभर सरकवायची, मग थांबायचं. बॉक्सला ओळख पटायला क्षणभर लागतो, म्हणून सरकव आणि थांब. बराच वेळ काही नाही. मग आतून नातीचा आवाज आला, "बारा!" मग "तीस!" आणि "गेलं!" त्यानं उलटं सरकवलं. "पंचावन्न!" एलएनबी दांड्यातल्या दांड्यात थोडा पिळला. "बासष्ट!" स्कॅन मारलं आणि पडद्यावर चॅनलची नावं भराभर उतरू लागली. सह्याद्री लागलं. आण्णा खुर्ची ओढून पुढं बसले. तीन वर्षांनी त्या घरात टीव्हीतून मराठी ऐकू आली, आणि आईनं पुरण ढवळता ढवळता स्वयंपाकघरातून वाकून बघितलं.

साधारण अकरा वाजून दहा मिनिटांनी चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटू लागला आणि पडदा काळा पडला. सिग्नल नाही.

बाळू पाना घेऊन धावला. नटाला पाना लागलाही होता.

"हात काड!" मास्तर एवढ्या मोठ्यानं ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "कशाला हात लावू नगंस. फडकं भिजवून आन."

बाळूला काही उमगेना, पण त्यानं फडकं आणलं. मास्तरांनी छत्री ओल्या फडक्यानं पुसली. ओला पत्रा चमकला आणि त्यावरचं ऊन गोळा होऊन एलएनबीच्या पांढऱ्या टोपीवर एक झगझगीत ठिपका उमटला. बरोबर टोपीवर. बाळू बघतच राहिला.

"सूर्य आता उपग्रहाच्या बरोबर मागं उभा हाय," मास्तर म्हणाले. "छत्री उपग्रहाकडं बघतीय म्हणून सूर्याकडंबी बघतीय. त्येच्या गोंगाटात त्या बारक्या सिग्नलचं काय चालतंय? वर्सातनं दोन वेळा चार-आठ दिस हे व्हतं, आन काही मिनिटांत आपसूक जातं. तुजी छत्री चुकली न्हाई. ती किती बरोबर लागलीय त्येची ही खूण हाय. नट सैल केला असतास, तर सकाळपासनं केलेलं मातीत गेलं असतं."

सगळे चौथऱ्यापाशी उभे राहिले. काही न करता उभं राहणं बाळूला छत्री लावण्यापेक्षा अवघड गेलं. ठिपका टोपीवरून हळूहळू कडेला सरकला. आतून आण्णांची हाक आली, "आलं रं!"

त्या दुपारी मास्तरांनी जे केलं ते बाळूला आधी क्रूरपणाचं वाटलं. पुरणपोळी खाऊन झाल्यावर त्यांनी गोठ्यातून बैलांच्या शिंगांना लावायचा तांबडा रंग आणवला आणि पाइपावर, पकडीवर, वरखाली होणाऱ्या पट्टीवर आडव्या रेघा ओढायला लावल्या, जुळलेल्या. रंग वाळला. मग त्यांनी नट सैल केले आणि छत्री हातानं फिरवून टाकली.

"आक्का, तुमी लावा."

"म्या? बाळू हाय की."

"परवा त्यो गाडीत बसणार. त्यो हाय तवरच लावा."

बाळू मदतीला पुढं झाला, त्याला मास्तरांनी ओट्यावर बसवलं. आईनं पाना आधी उलटा धरला. मग रेघेला रेघ जुळवली. नात आतून खालची पट्टी वाचत होती. चाळीस. आईनं छत्रीच्या कडेला तळवा लावून तिला कळेल न कळेल असा रेटा दिला, चकलीच्या सोऱ्याची सवय असलेला तो हात, घाई नाही. साठ. तिनं नट आवळताना पट्टी दोननं उतरली, तर तिनं स्वतःहून पुन्हा सैल करून, एक नट अर्धा, मग दुसरा अर्धा, असं आळीपाळीनं आवळलं. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

बाकीचं मास्तरांनी नातीच्या वहीत लिहून दिलं. बॉक्स बंद केल्याशिवाय वायर काढायची किंवा लावायची नाही, कारण एलएनबीला वीज त्याच वायरीतून जाते. वळवाच्या पावसात आभाळ कडाडायला लागलं की बॉक्सचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवायचं. ढगफुटीसारखा पाऊस लागला आणि चित्र गेलं तर पाऊस ओसरेपर्यंत छत्रीला हात नको. चॅनल दिसेनासं झालं तर आधी स्कॅन. चित्रच नसेल तर आधी वायरीच्या दोन्ही टोकांच्या पिना, मग तांबड्या रेघा, आणि मगच बाकी सगळं.

बाळू ठाण्याला गेला. यादीतले बरेच पैसे शिल्लक होते. त्यातून त्यानं मास्तरांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी कराडला न्यायचं ठरवलं, आणि पावसाळ्याआधी नेलंही.

पाटणच्या डोंगरातला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला जुलैचं वेगळं सांगायला नको. चित्र कैकदा गेलं, कैकदा आलं. एकदा मात्र पाऊस थांबून चांगलं उघडलं तरी पडदा काळाच. आईनं पिना बघितल्या, ठीक होत्या. चौथऱ्यापाशी गेली तर पाइपावरची रेघ एकीकडं आणि पकडीवरची दुसरीकडं. रेडकू अंग घासून गेलं होतं. सातच्या बातम्यांना अवकाश होता. तिनं नातीला टीव्हीपाशी बसवलं, पाना काढला आणि चिखलात उभी राहून रेघ जुळवली. रेडकाला पलीकडच्या खुंट्याला बांधलं.

बाळूला हे रविवारच्या फोनवर कळलं, तेही नातीकडून. गुरं, पाऊस, मास्तरांचे डोळे, असं सगळं बोलून झाल्यावर आईनं फोन तिच्याकडं दिला होता. बाळू थोडा वेळ गप्प राहिला. आपल्याला कुणी बोलावलं नाही, हे त्याला आधी टोचलं. मग त्यानं आईला पुन्हा फोनवर घेतलं आणि रेघ नेमकी किती सरकली होती, पट्टी कितीवर आणली, सगळं खोदूनखोदून विचारलं. आईनंही ते सगळं तपशिलानं सांगितलं. टीव्हीबद्दल त्या दोघांचं एवढं बोलणं पूर्वी कधी झालं नव्हतं.

सप्टेंबर संपत आला, नवरात्र चालू होतं. खालच्या आळीतल्या वहिनी देवीच्या आरतीनंतर आईला गाठून म्हणाल्या, लेकानं पुण्याहून पैसे पाठवलेत, छत्री आणायचीय, जरा मास्तरांना आमच्याकडं घेऊन येता का.

"मास्तर कशाला? म्या येती की," आई म्हणाली. "पैलं सांगा, घरात बघणार कोण कोण, आन काय काय?"

वहिनी बोटांवर मोजू लागल्या. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं. आन तुमच्या घराम्होरं त्यो आंबा हाय न्हवं? मग दुकानात आताच जाऊ नगा. उद्या अकराला येती, तुमी आंगणात थांबा."

"अकराला काय?"

"ऊन बघू," आई म्हणाली, आणि प्रसादाची वाटी पुढच्या बाईच्या हातात दिली.